हंस लेडाला शिवलाच नाही: दालीच्या ‘लेडा अटोमिका’त नेमकं काय चाललंय?

चित्राच्या मधोमध एक विवस्त्र स्त्री बसली आहे. बसली आहे असं म्हणायचं एवढंच, कारण खालच्या चौथऱ्याला ती टेकलेली नाही. चौथराही त्याच्या खाली जे आहे त्याला टेकलेला नाही. शेजारी एक मोठा हंस तिच्या चेहऱ्याशी चोच नेतो आहे आणि तिचा हात त्याच्या मानेकडे गेला आहे, पण हात आणि पिसं यांच्यात फट आहे. आजूबाजूला एक पुस्तक, कंपासपेटीत असतो तसा गुण्या, पाय ठेवायची दोन छोटी स्टुलं, एक अंडं. सगळं अधांतरी. आणि मागचा समुद्र नीट पाहिला तर लक्षात येतं, की तोसुद्धा जमिनीपासून उचलला गेला आहे.

हे स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं ‘लेडा अटोमिका’. १९४५ मध्ये सुरू केलेलं आणि १९४९ मध्ये पुरं झालेलं तैलचित्र. आकार जेमतेम ६१ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे दिवाणखान्यातल्या एखाद्या फ्रेमएवढा. मोबाइलवर ते समोर आलं की बहुतेक जण दोनपैकी एक प्रतिक्रिया देतात. ‘हे काय भलतंच?’ किंवा ‘दाली म्हणजे विक्षिप्त, सोडून द्या.’ दोन्ही समजण्यासारख्या आहेत. पण या चित्रात एक जुनी गोष्ट, एक बॉम्ब, थोडं भौतिकशास्त्र आणि बरीचशी भूमिती एकत्र गुंफली आहे, आणि ती गुंफण उलगडता येते.

आधी गोष्ट

लेडा ही ग्रीक पुराणातली स्पार्टाची राणी, टिंडारियस राजाची बायको. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर भाळला आणि हंसाचं रूप घेऊन तिच्याकडे आला. देवाने सोंग घेऊन परस्त्रीकडे जाणं आपल्याला नवं नाही. गौतमाच्या रूपातला इंद्र आपल्याला ठाऊक आहे. फरक असा, की ग्रीक गोष्टीत शाप-उःशाप नाहीत. तिथे अंडी आहेत.

त्याच रात्री लेडा नवऱ्याबरोबरही होती. पुढे तिने अंडी घातली आणि त्यांतून चार मुलं निघाली. गोष्टीचे पाठ अनेक आहेत, पण सर्वांत प्रचलित पाठात हेलन आणि पॉलक्स ही झ्यूसची मुलं, तर क्लायटेम्नेस्ट्रा आणि कॅस्टर ही माणसाची, म्हणजे मर्त्य. हेलन म्हणजे जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं ती. कॅस्टर आणि पॉलक्स हे जुळे पुढे आकाशात गेले. मिथुन राशीतले ते दोन ठळक तारे आपण पुनर्वसू नक्षत्र म्हणून ओळखतो.

या जुळ्यांशी दालीचं खाजगी नातं होतं. त्याच्या जन्माआधी नऊएक महिने त्याचा थोरला भाऊ लहानपणीच वारला होता. त्याचंही नाव साल्वादोर. आई-बापांनी तेच नाव पुढच्या मुलाला दिलं. आपण मेलेल्या भावाची दुसरी प्रत आहोत ही भावना दालीने आयुष्यभर बाळगली आणि मिरवलीही. एक मर्त्य, एक अमर, अशा जुळ्यांच्या गोष्टीत त्याला स्वतःचं चरित्र दिसणं साहजिक होतं.

चित्रातली लेडा म्हणजे त्याची बायको गाला. तिचं मूळ नाव एलेना इवानोव्हना दियाकोनोव्हा. एलेना म्हणजे हेलनच. रशियात जन्मलेली, दालीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, आधी कवी पॉल एल्युआरची बायको. १९२९ मध्ये दाली तिला भेटला आणि १९३४ मध्ये त्यांनी लग्न केलं. म्हणजे एकच बाई गोष्टीतली आईही आणि मुलगीही. मानसशास्त्रज्ञांनी यावर काय काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते, पण आपण इथे त्या वाटेला जात नाही.

मग यात अणू कुठून आला?

दाली १९४० पासून अमेरिकेत राहत होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या स्फोटाने आपल्याला भूकंपासारखा हादरा बसला आणि तेव्हापासून अणू हाच आपला आवडता विषय झाला, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. ‘लेडा’ त्याच वर्षी सुरू झाली.

तोवर दालीची ओळख होती ती अतिवास्तववादी म्हणून. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नं आणि मनाच्या तळघरातला माल जागेपणी कॅनव्हासवर मांडणारी चळवळ. दालीच्या प्रसिद्ध चित्रातली वितळलेली घड्याळं त्यातलीच. तिचं दैवत मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड. युद्धानंतर दालीने दैवत बदललं. १९५८ मध्ये तर त्याने जाहीरच केलं, की पूर्वी माझा बाप फ्रॉइड होता, आता तो भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग आहे. या माणसाला साधं बोलता येत नसे, पण दिशा खरी सांगत होता. आतून बाहेर, मनाकडून पदार्थाकडे.

या चित्रासाठी त्याने अणुविज्ञानातली जी कल्पना उचलली ती एका ओळीत मावते: कोणतीच वस्तू कोणत्याच वस्तूला खरोखर टेकत नाही.

‘टेकत नाही’ म्हणजे काय?

शाळेत शिकलो ते आठवू. प्रत्येक वस्तू अणूंची. अणूच्या मधोमध केंद्रक, आणि अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्यातच. भोवती इलेक्ट्रॉन. अर्नेस्ट रदरफर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली तेव्हा खरा धक्का होता तो मापांचा. एखादा अणू वानखेडे स्टेडियमएवढा मोठा केला, तर त्याचं केंद्रक खेळपट्टीवर पडलेल्या मोहरीच्या दाण्याएवढं निघेल. उरलेल्या सगळ्या मैदानात फक्त इलेक्ट्रॉनचा वावर.

आता टेबलावर हात ठेवा. हाताच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन आणि टेबलाच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन समोरासमोर येतात. दोघांवरही ऋण विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. त्याला पुंज भौतिकीतल्या (क्वांटम फिजिक्समधल्या) एका नियमाची जोड आहे. तो वोल्फगांग पाउलीने १९२५ मध्ये मांडला: दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. टेबल एवढं पोकळ असूनही हात त्यातून आरपार जात नाही, तो मुख्यतः यामुळे. आपल्याला जो ‘स्पर्श’ जाणवतो तो या ढकलण्याचाच अनुभव.

दालीने ही कल्पना घेतली आणि सरळ डोळ्यांना दिसेल इतकी मोठी केली. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या बिन्यू गॅलरीत हे चित्र अपुऱ्या अवस्थेत दाखवलं गेलं. तेव्हाच्या मजकुरात त्याने एखादी आरती म्हणावी तशी यादी दिली होती: लेडा हंसाला शिवत नाही, लेडा चौथऱ्याला शिवत नाही, चौथरा तळाला शिवत नाही, तळ समुद्राला शिवत नाही, समुद्र किनाऱ्याला शिवत नाही. समुद्र जमिनीला न टेकता रंगवणारा आपण पहिलेच, समुद्र आणि किनारा यांच्यामधून हात घातला तर तो भिजणारसुद्धा नाही, अशी बढाईही मारली होती.

म्हणजे मी खुर्चीवर बसलेलो नाही का?

बसलेले आहात. निर्धास्त राहा. ‘कधीच काही टेकत नाही’ हे वाक्य हल्ली रील्समध्येही ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. टेकण्यासाठी दोन वस्तूंना काटेकोर कडा हव्यात. अणूला तशी कडाच नसते. इलेक्ट्रॉनचा वावर बाहेरच्या बाजूला हळूहळू विरळ होत जातो. जिथे कडच नाही तिथे ‘फट किती?’ या प्रश्नाला ठाम उत्तर राहत नाही. भौतिकशास्त्राची माणसं म्हणतील, की ते जे ढकलणं आहे त्यालाच टेकणं म्हणा आणि कामाला लागा.

शिवाय हे ढकलणं अणूच्या मापाच्या अंतरावर चालतं. दालीच्या चित्रात फटी बोटभर रुंद आहेत. एवढ्या अंतरावर हे ढकलणं चौथऱ्याला अधांतरी धरून ठेवू शकत नाही. तेव्हा विज्ञानाच्या पेपरात दालीला काठावर पास करावं लागेल. पण त्याने पाठ्यपुस्तकातली आकृती काढायला घेतली नव्हती. त्याला विज्ञानातून एक परवानगी हवी होती: घन दिसणाऱ्या जगाला सुटं सुटं करून दाखवण्याची. ती त्याने घेतली.

भूमितीचं काम

हे सगळं तरंगत असूनही चित्र विस्कटलेलं वाटत नाही. लेडा जागच्या जागी खिळल्यासारखी दिसते. याचं कारण तिच्याभोवती असलेला, पण न दिसणारा एक तारा.

दालीची त्या काळात मातिला गिका या रुमानियन लेखकाशी ओळख झाली होती. कलेतली आणि निसर्गातली प्रमाणं हा गिकाचा विषय. त्याच्या साहाय्याने दालीने चित्राचा गणिती आराखडा बनवला. त्याचं १९४७ चं रेखाटन उपलब्ध आहे आणि त्यात कडेला आकडेमोडही दिसते. एका वर्तुळात पंचकोन, पंचकोनात पाच टोकांचा तारा, आणि त्या ताऱ्यात बसवलेली लेडा आणि हंस. पूर्ण झालेल्या चित्रात रेघा पुसल्या गेल्या, हिशेब राहिला.

पंचकोनी तारा निवडण्यामागे सुवर्ण गुणोत्तर आहे. शंभर सेंटिमीटरची काठी अशी तोडा, की अख्ख्या काठीचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण, तेच मोठ्या तुकड्याचं छोट्याशी. तोड ६१.८ सेंटिमीटरवर येते आणि प्रमाण सुमारे १.६१८. सुसम पंचकोनाचा (सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या) कर्ण आणि बाजू यांचं प्रमाण नेमकं हेच, आणि ताऱ्याच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेही हेच. इटलीच्या लुका पाचोली या गणितज्ञाने १५०९ मध्ये त्यावर पुस्तक छापलं होतं, त्यातल्या आकृत्या लिओनार्दो दा विंचीच्या.

इथे एक आक्षेप अगदी रास्त आहे: सुवर्ण गुणोत्तराच्या नावाने बाजारात काहीही खपवलं जातं. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरापासून शंखापर्यंत सगळीकडे १.६१८ सापडल्याचे दावे होतात. पट्टी कुठून कुठे धरायची ते मोजणाऱ्याच्या हातात असलं, की हवं ते उत्तर निघतं. एवढं एकच प्रमाण माणसाच्या डोळ्याला उपजत आवडतं, याला भक्कम आधार नाही. पण ‘लेडा’च्या बाबतीत शोधाशोध करावी लागत नाही, कारण खुद्द चित्रकाराचा आराखडाच आहे. गंमत म्हणजे कॅनव्हासची उंची आणि रुंदी यांचं प्रमाण सुमारे १.३५ आहे. सुवर्ण गुणोत्तर चौकटीत नाही, आतल्या आकृतीत आहे. मला वाटतं, सौंदर्य या आकड्यातून आलेलं नाही. आकड्याने शिस्त आणली, आणि अधांतरी गोष्टींना शिस्तीची गरज जास्त असते.

पण हिला कपडे का नाहीत?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. युरोपात प्रबोधनकाळापासून एक अलिखित करार होता: पुराणातली बाई विवस्त्र चालेल, शेजारची चालणार नाही. व्हीनस, लेडा, डानाए ही नावं म्हणजे परवाने होते. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने तो करार मोडला. त्याच्या ‘ऑलिंपिया’त देवी नव्हती, आजची पॅरिसमधली बाई होती, ती प्रेक्षकाकडे रोखून बघत होती, आणि १८६५ मध्ये ते चित्र प्रदर्शनात लागल्यावर गदारोळ झाला.

लेडाचा परवाना मात्र नेहमीच डळमळीत होता, कारण तिच्या गोष्टीत देहसंग थेट आहे. लिओनार्दोने लेडा रंगवली, मायकेलँजेलोनेही. दोन्ही मूळ चित्रं आज नाहीत, नकला तेवढ्या उरल्या आहेत. इटालियन चित्रकार कोरेज्जोची लेडा, साधारण १५३२ ची, बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत आहे. १८व्या शतकात ती ज्या घराण्याकडे होती त्यातल्या लुई नावाच्या ओर्लेआँच्या ड्यूकने धर्मभावनेच्या भरात तिच्यावर सुरी चालवली. लेडाचं डोकंच गेलं. आज दिसतं ते नंतर दुसऱ्याने रंगवलेलं.

या पार्श्वभूमीवर दालीने केलं ते चमत्कारिक आहे. एकीकडे त्याने परवान्याच्या मुखवट्याआड ओळखू येईल असा खरा चेहरा ठेवला, स्वतःच्या बायकोचा. दुसरीकडे ज्या गोष्टीमुळे लोक सुरी उचलत होते ती, म्हणजे हंसाचा स्पर्श, चित्रातून काढूनच टाकली. अंगाला अंग लागण्याची ही गोष्ट, आणि चित्रात कशालाच काही लागलेलं नाही. संगमरवरी पुतळ्यासारखी थंड त्वचा, समोरून बसलेला देह, चेहऱ्यावर देव्हाऱ्यातल्या मूर्तीची स्थिरता. गाला तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती, पण या देहाला वय दिलेलं नाही. त्यामुळे हे नग्नचित्र असलं तरी चाळवणारं नाही.

लेडाची संमती होती का, हे कुणी विचारलं?

फारसं नाही. जुन्या पाठांत झ्यूस फसवून किंवा जबरदस्तीने येतो, आणि शतकानुशतकं चित्रकारांनी तो प्रसंग सुखाचा म्हणून रंगवला. आज आपण त्याला सोंग घेतलेला बलात्कार म्हणू, आणि तसं म्हणण्यात काही चूक नाही.

दालीने स्पर्श काढला, तेव्हा जबरदस्तीही काढली का? एका अर्थी हो. इथला हंस पकडत नाही, घेरत नाही, काहीतरी सांगायला आल्यासारखा जवळ येऊन थांबतो. पण त्याने लेडाला बोलू दिलं असं मी म्हणणार नाही. आधी ती देवाच्या वासनेचं निमित्त होती, आता नवऱ्याच्या भक्तीचं. खरी गाला व्यवहाराला पक्की, दालीची चित्रं विकणारी, करार करणारी बाई होती. त्यातलं काहीही या चौथऱ्यावर दिसत नाही.

इतकं घोटीव चित्र ‘आधुनिक’ कसं?

हाताला लागणार नाहीत असे ब्रशचे फटकारे, छायाप्रकाशाचा पाठ, जुन्या गुरूंची घोटाई. त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन पॉलॉक जमिनीवर कॅनव्हास पसरून रंग ओतत होता. त्याच्या शेजारी दाली जुनाट वाटतो. दालीने स्वतःच १९४० च्या दशकात आपण आता अभिजात होणार असं जाहीर करून टाकलं होतं आणि जुन्या साथीदारांशी त्याचं आधीच फाटलं होतं.

तरी पद्धत जुनी म्हणून चित्र जुनं ठरत नाही. पदार्थ घट्ट नाही, ही बातमी विसाव्या शतकाची. ती सांगायला त्याने घट्ट पदार्थ रंगवण्याचं सर्वांत निष्णात तंत्र वापरलं. प्रत्येक वस्तू इतकी खरी दिसते म्हणून तिच्याखालची फट खुपते. तेच चित्र ढोबळ फटकारे मारून काढलं असतं तर फटी कुणाच्या लक्षातही आल्या नसत्या. १९४८ मध्ये छायाचित्रकार फिलिप हाल्समनने ही कल्पना दालीसकट हवेत उडवली: टांगलेली चित्रं, उचलून धरलेली खुर्ची, फेकलेल्या मांजरी, बादलीतून भिरकावलेलं पाणी आणि उडी मारलेला दाली. मनासारखी फ्रेम मिळेपर्यंत बिचाऱ्या मांजरींना वीसपेक्षा जास्त वेळा उडावं लागलं. त्या ‘दाली अटोमिकस’ छायाचित्रात उजवीकडे ‘लेडा’ही दिसते.

आणि हिरोशिमाची माणसं?

माझ्या मते हा सर्वांत अवघड आक्षेप. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली, असा अंदाज आहे. त्या घटनेतून प्रेरणा घेतो म्हणणाऱ्या चित्रात राख नाही, जखम नाही, एकही जपानी चेहरा नाही. आहे ती चित्रकाराची बायको आणि त्याच्या गावाजवळचा किनारा: मागचे खडक स्पेनच्या कॅटलोनियातल्या नॉरफेउच्या भूशिराचे, रोझेस आणि कादाकेस यांच्यामधले.

याचा बचाव करता येत नाही, फक्त वर्णन करता येतं. दालीला बॉम्बने हादरवलं ते माणसं मेली म्हणून कमी, आणि पदार्थाच्या पोटात असं काही दडलेलं आहे म्हणून जास्त. तो घाबरला आणि मोहितही झाला. त्याने हा मोह पुढेही सोडला नाही. १९५२ च्या एका चित्रात गालाचा चेहरा गोळ्यागोळ्यांत विखुरला, आणि १९५४ पर्यंत त्याने आपल्याच वितळत्या घड्याळांच्या चित्राचे विटांसारखे तुकडे करून ते पुन्हा रंगवलं. ‘लेडा’ ही त्या मालिकेची सुरुवात, आणि माझ्या मते तिच्यातलं सर्वांत नेटकं चित्र.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर

‘लेडा अटोमिका’ फिगेरेस या दालीच्या जन्मगावी, त्याने स्वतः उभारलेल्या आणि १९७४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात आहे. बार्सिलोनाहून रेल्वेने जाता येतं. चित्र अपेक्षेपेक्षा लहान निघतं. जायला जमलं नाही, तर चांगल्या प्रतीचं छायाचित्र मोठं करून बघा, आणि बाईकडे शेवटी वळा. आधी पाण्याखालची फट शोधा, मग चौथऱ्याखालची, मग हात आणि मान यांच्यामधली.

जाता जाता, दालीचा हंस मुंबईच्या एका कंपनीपर्यंतही पोहोचला होता. १९६७ मध्ये त्याने एअर इंडियासाठी एक ॲशट्रे घडवला. त्याच्या आधारांतला हंस उलटा केला तर हत्तीचं डोकं दिसतं, आणि हत्तीचं डोकं उलटं केलं तर हंस. मोबदला म्हणून त्याने पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं. एअर इंडियाने ते बंगळुरूहून विमानाने जिनिव्हाला पाठवलं आणि तिथून ते ट्रकमधून कादाकेसला गेलं.